नऊ महिन्यांच्या बाळासह व्हिएन्नात सहा दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मे महिन्याच्या मध्यावर तुम्ही दोघे, बाळाची आजी आणि तोपर्यंत नऊ महिने पूर्ण झालेली तुमची मुलगी असे चौघे पुण्याहून व्हिएन्नाला सहा दिवसांसाठी येणार आहात. राहावे कुठे, बाबागाडी आणावी की इथे भाड्याने घ्यावी, बाळाच्या जेवणाचे कसे करावे आणि त्यातच एका दिवसात हाल्श्टाट हे तळ्याकाठचे गाव पाहून येणे जमेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी सतरा वर्षे या शहरात राहते, रीतसर परीक्षा देऊन आणि परवाना घेऊन पर्यटकांना शहर दाखवण्याचे काम करते, आणि माझा स्वतःचा मुलगा याच शहरात रांगायला शिकला. माझ्याबरोबर फिरलेल्या मराठी कुटुंबांपैकी बऱ्याच जणांच्या कडेवर लहान मूल होते. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरे बाळ कधी झोपते आणि कधी उठते यावर अवलंबून आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मे महिन्यात भारत आणि ऑस्ट्रिया यांच्या वेळेत साडेतीन तासांचा फरक असतो. मुलगी पुण्यात रात्री दहाला झोपते आणि सकाळी साडेसातला उठते, असे तुम्ही लिहिले आहे. इथे आल्यावर तिला संध्याकाळी साडेसहालाच पेंग येईल आणि पहाटे चारला ती टक्क जागी होऊन खेळायला मागेल. बहुतेक आईवडील पहिल्या दिवसापासून तिला इथल्या वेळेवर आणायचा अट्टहास करतात, तिला रात्री दहापर्यंत जागवतात, आणि मग अतिथकव्याने रडणारे बाळ आणि झोप न झालेली तीन मोठी माणसे अशा अवस्थेत सहलीचे पहिले तीन दिवस संपून जातात. सहा दिवसांच्या मुक्कामासाठी मी हे करू देत नाही. तिला दीड ते दोन तासच पुढे सरकवा, म्हणजे ती रात्री आठ-सव्वाआठला झोपेल आणि पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास उठेल. परत गेल्यावर पुण्याची घडी बसवायलाही मग दोन-तीन दिवस पुरतात.

हा बदल घडवायला उजेड हेच साधन आहे. मेच्या मध्यावर व्हिएन्नात सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळात बाळाला उघड्यावर, उजेडात ठेवले की झोप आपोआप पुढे सरकते. उलट पहाटे पाच वाजून गेल्यावर लगेचच उजाडते, आणि जुन्या घरांचे पडदे बहुधा नावापुरतेच असतात. म्हणून सामानात एक जाड गडद चादर आणि कपडे वाळत घालायचे आठ-दहा चिमटे टाका. खिडकीवर ती चादर लावून खोली साडेपाचपर्यंत काळोखी ठेवली, बाळ चुळबुळले तरी दिवा लावला नाही आणि गप्पा मारल्या नाहीत, तर तिसऱ्या दिवसापर्यंत फरक दिसतो. खोली निवडताना बाहेरून खाली ओढायची झडप असलेली खिडकी मिळाली तर फारच उत्तम.

लवकर उठणाऱ्या बाळाचा या शहरात मोठा फायदाही आहे. शोनब्रुन राजवाड्याची बाग सकाळी साडेसहाला उघडते आणि बागेत जायला तिकीट लागत नाही. दहा वाजता ज्या वाटेवर पर्यटकांचे जथे एकमेकांना ढकलत असतात, त्या वाटेवर सकाळी सातला धावायला आलेली चार-दोन माणसे, ओल्या खडीचा वास आणि झाडांवरून उतरून थेट बाबागाडीच्या चाकांपर्यंत येणाऱ्या खारी एवढेच असते. गेल्या वर्षी नाशिकच्या एका कुटुंबाबरोबर मी त्या वेळी गेले होते. त्यांचा दहा महिन्यांचा मुलगा नेपच्यून कारंज्याच्या कठड्याला धरून उभा राहिला, पाण्यात हात घालायला धडपडू लागला, आणि त्याच्या आजोबांनी त्याला मागून कमरेला धरून सुमारे वीस मिनिटे तसेच उभे राहू दिले. मागे कोणी खोळंबलेले नव्हते, कोणाच्या छायाचित्रात ते येत नव्हते. हा निवांतपणा दिवसा कोणत्याही तिकिटात मिळत नाही. तिथून चढावरच्या ग्लोरिएट या कमानींच्या इमारतीपर्यंत जायचे असेल तर नागमोडी वाटेने जा. खडी असल्याने ढकलायला जोर लागतो, पण वरून सारे शहर दिसते.

नऊ महिन्यांचे बाळ साधारणपणे दिवसातून दोनदा झोपते. पहिली झोप बाबागाडीत होऊ द्या आणि दुसरी, दुपारची, खोलीवरच्या पलंगावर. दुपारची झोप चुकली की संध्याकाळ हातची जाते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यावर तडजोड करू नका असेच सांगते. याचा अर्थ असा, की तुमचा मुक्काम अशा ठिकाणी हवा जिथे दुपारी बाराच्या सुमारास अर्ध्या तासात, शक्यतो गाडी न बदलता, परत येता येईल.

माझी पहिली पसंती दुसऱ्या विभागाला, म्हणजे लेओपोल्डश्टाटला आहे, आणि त्यातही प्राटरश्टेर्न स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या आतल्या घराला. या स्थानकावर भुयारी रेल्वेच्या यू-१ आणि यू-२ या दोन्ही मार्गिका आणि उपनगरी गाड्या येतात. यू-१ तुम्हाला थेट जुन्या शहराच्या मध्यावरच्या श्टेफान्सप्लाट्झ चौकात आणि मुख्य स्थानकाला नेते. घरापासून चालत प्राटर या मोठ्या उद्यानातली हाउप्टआले गाठता येते. हा ४.४ किलोमीटरचा सरळसोट रस्ता दोन्ही बाजूंनी चेस्टनटच्या झाडांनी झाकलेला आहे आणि त्यावर मोटारींना बंदी आहे. मेच्या सुरुवातीला ही झाडे पांढऱ्या फुलोऱ्याने भरलेली असतात. पहाटे बाळ उठले आणि कुठे जावे हा प्रश्न पडला, की गाडी ढकलत तिकडे जावे. १८९७ सालापासून उभे असलेले प्राटरचे महाकाय चक्र तिथे जातानाच दिसते. तिसऱ्या विभागात वीन मिटे स्थानकाजवळ घर मिळाले तरी चांगले, कारण विमानतळाची एस-७ गाडी तिथे येते आणि श्टाटपार्क ही बाग समोरच आहे. पहिल्या विभागात, ऐन जुन्या शहरात, मी बाळ असलेल्यांना राहायला सांगत नाही. तिथे भाडे अधिक, रस्ते दगडी आणि बाळाला मोकळे सोडता येईल अशी हिरवळ कमी.

घर ठरवण्याआधी मालकाला दोन गोष्टी लेखी विचारा. पहिली, घर खरोखर कितव्या मजल्यावर आहे. इथल्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर होखपार्टेरे आणि मेझानीन असे दोन मजले येऊ शकतात आणि त्यानंतर कुठे पहिला मजला सुरू होतो, त्यामुळे 'पहिला मजला' म्हणजे आपल्या हिशेबाने तिसरा निघू शकतो. दुसरी गोष्ट, लिफ्टच्या दाराची रुंदी किती. शंभर वर्षांपूर्वीच्या जिन्याच्या मधल्या पोकळीत नंतर बसवलेल्या लिफ्टमध्ये दोन माणसे जेमतेम उभी राहतात एवढीच जागा असते. मी एका कुटुंबाला घ्यायला गेले तेव्हा आई बाळाला घेऊन लिफ्टने गेली होती आणि वडील उघडी बाबागाडी डोक्यावर धरून अर्ध्या जिन्यात अडकलेले होते, कारण गाडी लिफ्टच्या दारापेक्षा चार बोटे रुंद होती. त्यांनी पुढचे पाचही दिवस दिवसातून चार वेळा ती गाडी घडी करून उघडली. तुमच्या गाडीची रुंदी मोजून ठेवा, मागच्या दोन चाकांमधले अंतर धरून.

यावरून बाबागाडीचे उत्तर मिळते. गाडी आणाच, आणि ती हलकी, एका हाताने घडी होणारी, पण पाठ पूर्ण आडवी होणारी असावी. भाड्याच्या गाडीत बाळ पहिले दोन दिवस झोपायला तयार होत नाही, असा माझा अनुभव आहे. ओळखीच्या गाडीत, ओळखीच्या दुपट्याच्या वासात ते पटकन झोपते. छत्रीच्या दांड्यासारख्या, अगदी छोट्या चाकांच्या गाड्या मात्र जुन्या शहराच्या दगडी फरसबंदीवर खडखडतात आणि झोपलेले बाळ जागे होते. गाडीबरोबर बेबी कॅरिअरही हवा. शोनब्रुनच्या राजवाड्यात, दालनांच्या आत, बाबागाडी नेऊ देत नाहीत, आणि कितीतरी जुन्या कॉफीहाउसांची स्वच्छतागृहे अरुंद जिन्याने खाली तळघरात असतात.

शहरातली वाहतूक हे व्हिएन्नाला पहिली युरोपवारी करण्याचे सगळ्यात मोठे कारण आहे. पॅरिसमध्ये चौदाव्या मार्गिकेसारखा अपवाद सोडला तर मेट्रोत जिने टाळणे कठीण. इथे भुयारी रेल्वेच्या प्रत्येक स्थानकावर लिफ्ट आहे. मात्र ती बहुधा फलाटाच्या एकाच टोकाला असते, म्हणून गाडीत चढतानाच ती कोणत्या टोकाला आहे हे फलकावरून पाहून घ्या. सरकत्या जिन्यावर बाबागाडी नेऊ नका, कितीही घाई असली तरी. ट्राममध्ये बाबागाडीचे चित्र असलेल्या दारातून चढा. दाराजवळ बाबागाडीचे चित्र असलेले बटण असते. उतरण्याआधी ते दाबले की चालकाला कळते आणि तो दार घाईने बंद करत नाही. आत गेल्यावर चाकांना ब्रेक लावा, कारण वळणावर ट्राम चांगलीच हिसका देते. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. मोठ्यांनी मात्र तिकिटावर ठसा मारल्याशिवाय प्रवास करू नये. इथे फाटक नसते, पण तपासनीस असतात.

रस्ता ओलांडताना एक सवय लावून घ्या. ट्रामचे रूळ रस्त्यात खोबणीसारखे बसवलेले असतात, आणि तिरके ओलांडले तर बाबागाडीचे पुढचे चाक त्या खोबणीत नेमके अडकते. रुळांना काटकोन करून, पुढची चाके किंचित उचलून ओलांडा. आजींच्या हातात गाडी द्याल तेव्हा हे त्यांना आधी करून दाखवा.

आता जेवण, आणि इथे मला सगळ्यात जास्त सांगायचे आहे, कारण मराठी घरातली सगळ्यात मोठी काळजी हीच असते. युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ आणायला मनाई आहे. घरचे कढवलेले तूप, खवा, पेढे, पनीर हे सारे त्यात येते, मग प्रमाण कितीही थोडे असो. मागे एका आजीबाईंची तुपाची बरणी विमानतळावरच्या तपासणीत अशीच काढून घेतली गेली, आणि नातीचा वरणभात तुपाविना कसा जाणार या विचाराने त्या दोन दिवस अस्वस्थ होत्या. बाळासाठीची दुधाची भुकटी आणि बाळाचा तयार आहार यांना मात्र सूट आहे: माणशी दोन किलोपर्यंत, शीतपेटीची गरज नसलेला, कंपनीच्या बंद वेष्टनातला, आणि वापरात असलेला एखादा डबा सोडला तर न उघडलेला. नाचणीचे सत्त्व, भाजून दळलेली तांदूळ-मुगाची पूड, डाळी, मसाले ही वनस्पतीजन्य कोरडी जिन्नसे आणायला हरकत नाही. पुड्यांवर नाव लिहून ठेवा. ताजी फळे आणू नका. केळे, अननस, नारळ, खजूर अशी मोजकी फळे सोडली तर बाकीच्यांना प्रमाणपत्र लागते, आणि केळी इथे कोपऱ्यावर मिळतातच. तुपाची अडचणही सुटते: बिनमिठाचे लोणी दुकानातून आणून दहा मिनिटांत कढवता येते, आणि ते उत्तम होते. भारतीय किराण्याची दुकाने नाशमार्क्ट या बाजाराच्या आसपास आणि पश्चिम स्थानकाच्या बाजूला आहेत.

म्हणून हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले घर घ्या. छोटा प्रेशर कुकर आणणार असाल तर शेगडी कोणत्या प्रकारची आहे हे आधी विचारून घ्या. इथल्या काचेच्या सपाट शेगड्या दिसायला सारख्याच असतात, पण त्यांतली इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा लागतो. रोज सकाळी निघण्यापूर्वी मऊ खिचडी करून तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये भरली की दुपारपर्यंत सुखाने फिरता येते. नळाचे पाणी पिण्यास उत्कृष्ट आहे. ते राक्स आणि श्नेबेर्ग डोंगरांतल्या झऱ्यांवरून १८७३ साली बांधलेल्या जलवाहिनीने आणि होखश्वाब डोंगरांतून १९१० साली सुरू झालेल्या दुसऱ्या जलवाहिनीने थेट शहरात येते. शहरभर हजाराहून अधिक सार्वजनिक पाणपोया आहेत. बाळाच्या दुधासाठी मात्र पाणी उकळूनच घ्या.

बाळाचे तयार जेवण काचेच्या छोट्या बरण्यांत मिळते. तुम्ही शाकाहारी आहात, त्यामुळे लेबलवरचे काही जर्मन शब्द पाठच करा. रिंड म्हणजे गोमांस, काल्ब म्हणजे वासराचे मांस, हून म्हणजे कोंबडी, पुटे म्हणजे टर्की, शिंकेन म्हणजे हॅम, डुकराच्या मांडीचे मांस आणि फिश म्हणजे मासा. बरणीवर गाजर-बटाट्याचे ठळक चित्र असले तरी खालच्या ओळीत यांतला एखादा शब्द असू शकतो. गेम्यूझे म्हणजे भाजी आणि ऑब्स्ट म्हणजे फळ. भोपळा, पार्सनिप, नासपती अशा एकाच वस्तूच्या बरण्या सगळ्यात निर्धोक. दुधाच्या भुकटीवर 'प्री', '१', '२' असे टप्पे लिहिलेले असतात, पण बाळाला सवय असलेली भुकटी पुण्याहूनच आणा. सहा दिवसांसाठी नवे दूध सुरू करण्यात अर्थ नाही. मध बाळाला वर्षाच्या आत देऊ नये हे तुम्हाला ठाऊक असेलच, तरी इथल्या काही बिस्किटांत तो असतो, त्याचे जर्मन नाव होनिग. अंगावर पाजण्याबद्दल तुम्ही संकोचाने विचारले आहे. बागेत, ट्राममध्ये, कॉफीहाउसमध्ये बायका निःसंकोच पाजतात, कोणी वळून पाहत नाही. २०१९ च्या १ नोव्हेंबरपासून उपाहारगृहांत धूम्रपानबंदी असल्याने आतले टेबलही बाळासाठी चालते. बाहेरच्या टेबलांवर मात्र लोक सिगारेट ओढतात.

डायपर, पुसण्या, साबण हे सारे डीएम आणि बिपा या साखळीच्या दुकानांत मिळते, म्हणून पुण्याहून दोन दिवसांपुरतेच आणा. डीएमच्या अनेक दुकानांत बाळाचे कपडे बदलायला टेबल असते, आणि गावात फिरताना मी कुटुंबांना बहुधा तिथेच नेते. पण रविवारी दुकाने बंद असतात, शनिवारीही संध्याकाळी सहापर्यंतच उघडी असतात. शिवाय मे महिन्यात १ मेखेरीज ख्रिस्ती सणांच्या एक-दोन सुट्ट्या गुरुवारी किंवा सोमवारी येतात, त्या दिवशीही सगळे बंद. अडले तर प्राटरश्टेर्न आणि मुख्य स्थानकातली किराणा दुकाने अशा दिवशीही चालू असतात. लेओपोल्डश्टाटमध्ये राहा म्हणण्याचे हेही एक कारण.

औषधांबद्दल. डीएममध्ये तापाचे औषध मिळत नाही, त्यासाठी आपोटेके म्हणजे औषधाचे दुकान लागते. रात्री आणि रविवारी प्रत्येक भागातले एखादे दुकान पाळीने उघडे असते, कोणते ते १४५५ या क्रमांकावर कळते. तापाच्या औषधाची मात्रा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून मिलिलिटरमध्ये नव्हे, तर मिलिग्रॅममध्ये लिहून आणा. आपल्याकडेच पॅरासिटामॉलचे थेंब एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे आणि सिरप पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे असते. इथल्या बाटलीची तीव्रता आणखी वेगळी असू शकते आणि अनेकदा सपोझिटरीच, म्हणजे गुदद्वारात ठेवायची गोळी, देतात. 'पाच मिलिलिटर द्या' एवढेच लक्षात ठेवून आलेल्या पालकांची मला धास्ती वाटते. बाळाला बरे नसेल पण जिवाची काळजी नसेल तर १४५० या आरोग्य-सल्ला क्रमांकावर फोन करा, रात्री डॉक्टर हवा असेल तर १४१ वर, आणि श्वासाचा त्रास, आचके, बेशुद्धी अशा वेळी विचार न करता १४४ वर. नऊ महिन्यांना आपल्याकडे गोवराची लस देतात. युरोपातही गोवराच्या साथी येतात, त्यामुळे ही लस निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे झालेली असावी, असे पाहून तारीख ठरवा.

एक धोका आपल्या मंडळींना अजिबात माहीत नसतो, तो गोचिडीचा. मे महिन्यात व्हिएन्नाच्या आसपासच्या रानात आणि उंच गवतात गोचिड्या असतात आणि त्यांच्या चाव्यातून मेंदूला सूज आणणारा विषाणू जाऊ शकतो. इथल्या बहुतेक लोकांनी त्याची लस घेतलेली असते. तुमची मुलगी त्या लसीसाठी अजून लहान आहे. बागेत कापलेल्या हिरवळीवर चादर अंथरून तिला खुशाल रांगू द्या, पण झुडपांच्या कडेला आणि उंच गवतात नको. संध्याकाळी अंघोळ घालताना काखा, जांघा, मानेच्या वळ्या आणि कानामागची जागा बोट फिरवून तपासा.

पाहायचे काय? दिवसाला एक ठिकाण, त्यापेक्षा जास्त नाही. शोनब्रुनचे प्राणिसंग्रहालय १७५२ साली सुरू झालेले आणि आजही चालू असलेल्यांत जगातले सगळ्यात जुने आहे. बाग पाहून झाली की नऊला तिथे जाता येते. कलाइतिहास संग्रहालयात बाबागाडी चालते, लिफ्ट आहे आणि एकोणीस वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. तिथे संपूर्ण इमारत पाहायला जाऊ नका. बाळ गाडीत झोपले की थेट ब्रुएगेल या चित्रकाराच्या दालनात जा आणि १५६० सालच्या 'मुलांचे खेळ' या चित्रापुढे बसा. दोनशेहून अधिक आकृत्या एका चौकात खेळताहेत: चक्र फिरवणाऱ्या, एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारणाऱ्या, लग्नाची मिरवणूक काढणाऱ्या. डाव्या खालच्या कोपऱ्यात दोघीजणी हाडांच्या गोट्या उडवून झेलत आहेत. मी हे चित्र दाखवते तेव्हा सोबतच्या आजी हमखास त्या कोपऱ्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, हे तर सागरगोटे. तुमच्या आजींनाही ते आधी सांगू नका.

म्युझिअम्सक्वार्टीर या संग्रहालयांच्या परिसरातल्या झूम या बालसंग्रहालयात आठ महिन्यांपासूनच्या मुलांसाठी समुद्राच्या कल्पनेवर रचलेला एक विभाग आहे. जागा आधी राखून ठेवाव्या लागतात. पाऊस पडला तर त्या सकाळचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही. शिवाय तुम्ही दोघे संगीताचे शौकीन आहात, तर राज्य ऑपेराचे प्रयोग एप्रिल ते जून आणि सप्टेंबरमध्ये इमारतीच्या बाजूच्या चौकातल्या मोठ्या पडद्यावर थेट आणि विनामूल्य दाखवतात, हे लक्षात ठेवा. बाळ उजेडात हवे असलेली संध्याकाळची वेळ नेमकी हीच. अर्धा-पाऊण तास ऐकून घरी निघता येते, आणि आजी बाळाला घेऊन पुढे गेल्या तर तुम्हाला दोघांना शेवटपर्यंत थांबता येईल.

हाल्श्टाटला मात्र मी स्पष्ट नको म्हणते. जायला साडेतीन तास, वाटेत गाडी बदलणे, स्थानकावरून होडीने तळे ओलांडणे, आणि तेवढेच परत. बाळाच्या दोन्ही झोपा मोडतील आणि प्रत्यक्ष गावात तुम्हाला तीनेक तास मिळतील, तेही ऐन गर्दीचे. साल्झबुर्ग शहर थेट गाडीने अडीच तासांवर आहे. अगदीच मन होत असेल तर तिथे एक रात्र राहा, जाऊन-येऊन नको. मी असते तर तो दिवस डॅन्यूबमधल्या लांबट बेटावर, डोनाउइन्सेलवर घालवला असता, जिथे यू-१ प्राटरश्टेर्नहून थेट जाते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. बाळाचा पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा स्वतंत्र लागतो. सहा वर्षांखालील मुलांना व्हिसाचे शुल्क नाही आणि बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, पण अर्ज भरून देणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. अर्जावर आईवडील दोघांच्याही सह्या हव्यात, आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवास-विमा बाळाच्या नावानेही हवा. अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो; उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीच्या वेळा मिळत नाहीत, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच हात घाला. विमानातला पाळणा पहिल्या रांगेसमोरच्या भिंतीला लावतात आणि त्याला वजनाची मर्यादा असते. ती प्रत्येक विमानकंपनीची वेगळी, त्यामुळे तिकीट काढतानाच विचारा. पाळणा मिळाला तरी पट्टा बांधायची सूचना आली की बाळाला उचलून मांडीवर घ्यावे लागते, म्हणून सलग झोपेची आशा त्यावर ठेवू नका. बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते, पण मधल्या विमानतळावर ती दाराशी परत मिळेलच असे नाही. तिथे कॅरिअर कामी येतो.

परतीचे विमान रात्रीचे आहे आणि घर अकराला सोडायचे आहे, तेव्हा त्या दिवशीची दुपारची झोप कुठे, हा प्रश्न उरतो. सामान मुख्य स्थानकातल्या लॉकरमध्ये ठेवा. तिथून पाच मिनिटांवर श्वाइत्झरगार्टेन नावाची बाग आहे, मोठ्या झाडांची सावली आहे आणि बाबागाडी फिरवायला गुळगुळीत वाटा आहेत. बाळ झोपल्यावर रस्ता ओलांडून बेल्वेडेरे राजवाड्याची बागही पाहून होईल. विमानतळाची जलद गाडी त्याच स्थानकावरून सुटते आणि पंधरा मिनिटांत पोहोचते. बाळाची रात्रीची खिचडी सकाळीच थर्मासमध्ये भरून ठेवा; तपासणीत बाळाच्या अन्नाला द्रवपदार्थांची १०० मिलिलिटरची मर्यादा लागू नसते, फक्त पिशवीतून ते वेगळे काढून दाखवावे लागते.